सत्काराचा खर्च कुणाच्या खात्यावर?

आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीपुढे यंदा एक ठराव आला आहे. संस्था तालुक्याच्या गावातली, छोटी. वाड्यावस्त्यांवरून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह चालवते. ठराव असा : पाच लाख रुपये किंवा त्याहून जास्त देणाऱ्याला वर्धापनदिनी ‘दानशूर पुरस्कार’ द्यावा. शाल, श्रीफळ, मानपत्र, सन्मानचिन्ह, आणि नव्या मजल्याच्या दर्शनी भिंतीवर नाव. त्याखालच्या रकमांसाठी ‘आश्रयदाते’ आणि ‘हितचिंतक’ अशा दोन पायऱ्या.

ठराव मांडला खजिनदार नानांनी आणि विरोध केला वसतिगृहाच्या अधीक्षिका ताईंनी. नाना बँकेतून निवृत्त झालेले. संस्थेचा ताळेबंद वर्षानुवर्षं तेच जुळवतात आणि देणगीसाठी उन्हातान्हात तेच हिंडतात. ताई मुलींबरोबर वसतिगृहातच राहतात. दोघांची एकमेकांवर माया आहे, म्हणूनच दोघं एकमेकांना मोकळेपणानं खोडू शकतात. इतिवृत्तात या चर्चेला चार ओळी मिळाल्या. पण हा प्रश्न आमच्या एकट्या संस्थेचा नाही. शाळा, वाचनालयं, वृद्धाश्रम, दवाखाने, सगळ्यांपुढे तो आज उभा आहे. म्हणून जे बोलणं झालं ते जमेल तेवढं लिहून काढतो आहे.

नाना : मी आधी वही उघडतो. मुली वाढल्या, खोल्या तेवढ्याच राहिल्या. मजला चढवल्याशिवाय गत्यंतर नाही. आजवर देणगी मागताना आपण ८०जीची पावती पुढे करायचो. आता नव्या करप्रणालीत ती वजावटच नाही, आणि नवी प्रणालीच मूळ धरली जाते. जुनी हवी असेल तर मुद्दाम निवडावी लागते. माणूस तोंडावर विचारतो, नाना, मला काय उपयोग? त्याला आपण काय देणार? मान देऊ शकतो. आपल्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे.

ताई : मान द्यायला मी कधी नाही म्हटलं? त्याचे दर ठरवून छापू नका, एवढंच म्हणते.

नाना : दर म्हटलं की कानाला टोचतं. पण आपण ज्या संस्था अभिमानानं दाखवतो, त्या कशा उभ्या राहिल्या ते बघा. जमशेटजी जीजीभॉयांनी मुंबईच्या रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले, रुग्णालयाला त्यांचं नाव लागलं. १८४२ मध्ये त्यांना ‘सर’ केलं, १८५७ मध्ये बॅरोनेट. प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी मिळून चार लाख दिले, मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव लागलं, राजाबाई. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा तिजोरीत काय होतं? १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी झालं. फार कशाला, टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८५ मध्ये कॉलेज काढलं, त्याला इंग्रज गव्हर्नर फर्ग्युसनचं नाव दिलं. ही सगळी माणसं तत्त्वाला कच्ची होती का?

ताई : कर्व्यांना कच्चं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजची हकिकत तुम्हीही ऐकली असेल. रयतची जुनी माणसं सांगतात, एका धनिकानं मोठी रक्कम देऊ केली, अट एकच, कॉलेजला त्याचं नाव. कर्मवीर भाऊरावांनी ती रक्कम परत पाठवली. त्यांना पैशाची गरज आपल्यापेक्षा कमी नव्हती. घरोघरचं मूठ-मूठ धान्य गोळा करून बोर्डिंगं चालवणारा माणूस तो.

नाना : आणि त्याच रयतचं साताऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यालय आहे. ते कसं चाललं?

ताई : चांगलं विचारलंत. सयाजीराव १९३९ मध्ये गेले आणि विद्यालय १९४० चं. गेलेल्या माणसाला कुणी नाव विकत नाही. ते संस्थेनं आपणहून दिलं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, नाना. उपकाराची जाण संस्थेच्या मनातून निघाली तर ती संस्थेची. रक्कम आधी जाहीर केली की ती देणाऱ्याची मागणी होते, आणि आपण तिचे पुरवठादार.

इथं नाना थोडे दुखावले, हे मला दिसलं. देणगी मागणाऱ्या माणसाला ज्या दारांतून परत यावं लागतं, ती दारं वसतिगृहाच्या आत राहणाऱ्याला दिसत नाहीत. पंधरा मिनिटं बाहेरच्या बाकावर बसवून ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारी माणसं नानांनी पाहिली आहेत. त्यांच्या ठरावामागे तो अनुभव आहे, आणि तो हलक्यानं घेण्यासारखा नाही.

नाना : ताई, माणसाला नावाची हौस असते, ती मी निर्माण केलेली नाही. गावच्या हरिनाम सप्ताहात कीर्तन उभं राहण्याआधी माईकवरून पुकारतात, अमुक यांची पंगत, तमुक यांच्याकडून पाच हजार एक. ते ऐकून तिसरा उठतो आणि पाच हजार एक देतो. एकानं दिलेलं दिसल्याशिवाय दुसऱ्याचा हात खिशाकडे जात नाही. जैन बांधवांकडे पर्युषणात बोली होते. त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांचे मान, कुणी कोणता घ्यायचा याचा चढावा लागतो. बोली अजूनही कुठं कुठं मणभर तुपाच्या हिशेबात बोलतात. मान उघडपणे बोलीवर जातो, आणि ते पैसे देवद्रव्य म्हणून वेगळे राहतात, कुणाच्या घरी जात नाहीत. त्यात कुणाला काही लाजिरवाणं वाटत नाही. आपल्यालाच का वाटावं?

ताई : कारण तिथं मान घेणारा देवासमोर उभा असतो. आपल्याकडे तो मुलींसमोर उभा राहतो. सायकलींचा कार्यक्रम आठवतो ना? मी त्या दिवशी काही बोलले नाही, आज बोलते. सायकली चांगल्या होत्या, देणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. पण प्रत्येक सायकलच्या चेनकव्हरवर पिवळ्या रंगात देणाऱ्यांचं आडनाव रंगवलेलं होतं. मुलींना ओळीनं स्टेजवर उभं केलं. नववीतल्या एका मुलीनं हँडल हातात घेतलं, फोटोग्राफरला फोटो नीट मिळाला नाही, म्हणून तिला सांगितलं, परत द्या आणि पुन्हा घ्या. तिनं सायकल परत दिली, पुन्हा घेतली. हसून. त्यानंतर शाळेत मुलं तिला त्या आडनावानं हाक मारायला लागली. तिनं जत्रेतून नखांचा रंग आणला आणि ते आडनाव एका रात्रीत खरवडून त्यावर रंग फासला. मी रागावले नाही. तिचं स्वतःचं आडनाव तिला परत हवं होतं.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हीही कुणी बोललो नाही. त्या कार्यक्रमाचा फोटो संस्थेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आम्हीच छापला होता.

नाना : हे मला माहीत नव्हतं. पण ताई, ही चूक कार्यक्रमाची झाली. सत्कार या गोष्टीची नव्हे. रक्तपेढ्या बघा. शंभरदा रक्त देणाऱ्यांचा सत्कार होतो, बिल्ला देतात, प्रमाणपत्र देतात. पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. तेव्हापासून स्वेच्छेनं रक्त देणाऱ्यांना पुढं आणायचं तर मान हाच मार्ग उरला, आणि तो उपयोगी पडला. मग आपण का लाजायचं?

ताई : नाना, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. रक्तपेढीच्या सत्काराला स्टेजवर कोण असतं? रक्त देणारा. ज्याला ते रक्त चढलं तो नसतो. पिशवीवर रक्तगट असतो, तारखा असतात, क्रमांक असतो. देणाऱ्याचं नाव नसतं. घेणाऱ्याला ठाऊक नसतं कुणी दिलं, देणाऱ्याला ठाऊक नसतं कुणाला गेलं. आणखी बघा. तिथं गिरणीमालकही एका वेळी साडेतीनशे-साडेचारशे मिलिलिटरच देतो आणि त्याचा ड्रायव्हरही तेवढंच. पुरुषाला तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, बाईला चार महिन्यांचं. म्हणजे शंभर वेळा द्यायला पुरुषाला जवळजवळ पंचवीस वर्षं लागतात, बाईला त्याहून जास्त. तो सत्कार पैशानं एका दिवसात मिळवता येत नाही. असा पुरस्कार काढा, मी स्वतः हार आणते.

माझ्या मते चर्चेतला हा सगळ्यात मोलाचा भाग होता. देणगीदारांच्या सन्मानावर आपल्याकडे दोनच टोकांची मतं ऐकू येतात. एक, ‘उजव्या हाताचं डाव्याला कळू नये’. दोन, ‘जग असंच चालतं’. रक्तपेढीनं तिसरी वाट कधीच घालून दिली आहे, आणि शिबिराला जाणारे आपण तिच्याकडे त्या नजरेनं पाहिलेलं नाही. तिथं देणाऱ्याला पुरता मान मिळतो आणि त्या मानाचा भार घेणाऱ्यावर पडत नाही. शिबिरात पिशव्या आणि डबे वाटायची जी रीत काही ठिकाणी आली आहे, ती मात्र या वाटेवरून घसरलेली आहे, असं मला स्पष्ट वाटतं.

नाना : बरं. पण गुप्तदानाचा आग्रह धरू नका, एवढं मी खजिनदार म्हणून सांगतो. देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवलेला नाही अशा देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यांतलं जे जास्त असेल त्यापलीकडे गेल्या, तर वरच्या रकमेवर तीस टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक न्यासांना सूट आहे, आपल्याला नाही. पाकिटात घालून कुणी दोन लाख ठेवून गेला, तर मला आनंद होण्याऐवजी घाम फुटतो.

ताई : नाव कार्यालयात असूच दे की. पावती हवी, पॅन हवा, लेखापरीक्षकाला सगळं दिसायला हवं. कुणाच्या पैशावर संस्था चालते हे सभासदांना कळणं हा त्यांचा हक्क आहे. पण वहीत नाव असणं वेगळं आणि मुलगी रोज ज्या भिंतीखाली जेवते त्या भिंतीवर असणं वेगळं.

नाना : आणि पायऱ्यांना काय हरकत? आश्रयदाते, हितचिंतक या वर्गवाऱ्या आपल्या वाचनालयांत आणि दिवाळी अंकांत किती वर्षांपासून आहेत.

ताई : हिशेबाचीच हरकत आहे. तुमचं काय निरीक्षण आहे, पाच हजार एकला नाव छापतो तेव्हा लोक किती देतात?

नाना : (हसून) पाच हजार एक.

ताई : सहा नाही, आठ नाही?

नाना : क्वचित. चार देणारा पाच हजार एकवर येतो, ते खरं. पण आठ देऊ शकणाराही तिथंच थांबतो. विल्यम हारबॉ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९९८ मध्ये हेच दाखवलं होतं. एका विधी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी देणग्या देत, त्यांची नावं रकमेच्या गटांनुसार छापली जात. बहुतेक देणग्या प्रत्येक गटाच्या अगदी खालच्या रकमेवर येऊन थांबल्या होत्या. म्हणजे पायरी खालच्याला वर ओढते आणि वरच्याला खाली बसवते. पण ताई, पायरी कुठं ठेवायची हे नीट ठरवलं तर बेरीज आपल्या बाजूनं येते. हे मी तुम्हाला वहीतून दाखवू शकतो.

ताई : बेरीज येईल. पण कशावर येईल? भिंतीवर नाव लावायचं तर भिंत हवी. मग जो तो खोलीला, मजल्याला, प्रवेशद्वाराला पैसे देणार. रात्रपाळीच्या मावशींचा पगार, गॅसचं बिल, डॉक्टरांची फी, यावर कोण नाव घालणार? आपल्याकडे जेवणाच्या खोलीत फळा आहे, त्यावर ‘आजचं भोजन अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं खडूनं लिहितो. तिथीभोजनाला माणसं मिळतात, कारण त्याला तारीख आहे आणि फळा आहे. विजेच्या बिलाला मिळत नाहीत. पुरस्कार काढलात तर हा तोल आणखी बिघडेल. मजला उभा राहील आणि त्यात दिवा लावायला तुम्ही पुन्हा उन्हात हिंडाल.

नाना यावर गप्प बसले. ही तक्रार त्यांचीच होती, दर वर्षीच्या सर्वसाधारण सभेत ते ती मांडतात. इमारत निधी भरलेला आणि चालू खर्चाचं खातं रितं, हे दुखणं महाराष्ट्रातल्या किती तरी संस्थांना आहे.

ताई : आणि एक गोष्ट बोलून टाकते, कुणाला राग आला तरी चालेल. उद्या नदीतली वाळू उपसणारा माणूस पाच लाख घेऊन आला तर?

नाना : पैसे चेकनं आले, पॅन दिला, तर...

ताई : तर तो दानशूर. तुमच्या ठरावात दुसरी कुठली अटच नाही. त्याच्या डंपरनं ज्या गावचा रस्ता उखडला, त्या गावच्या मुली आपल्याकडे आहेत. त्या टाळ्या वाजवणार? पुरस्काराची रक्कम छापलीत की ‘नाही’ म्हणायचा अधिकार तुम्ही त्याच दिवशी सोडलात. ती भरणारा प्रत्येक जण हक्कानं मागणार. इंग्लंडमध्ये लॉइड जॉर्जच्या काळात पदव्यांचे भाव बाजारात सांगितले जायला लागले, तेव्हा १९२५ मध्ये संसदेला पदव्यांची विक्री हा गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. आपल्याकडे तर रावबहादुरी कशी मिळायची ते आजोबांच्या पिढीनं पाहिलंय.

नाना : ताई, आता माझं एक ऐका. तुम्ही वाळूवाल्याचं सांगितलंत, मी एका बाईंचं सांगतो. तुम्ही त्यांना ओळखता. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर आया होत्या. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी आपल्याला साठ हजार दिले. मी पावती फाडली आणि म्हटलं, काही इच्छा? त्या म्हणाल्या, माझ्या आईचं नाव कुठं तरी लिहा. आई शेतमजूर. तिच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हतं. रेशनकार्डावर ती नवऱ्याच्या खाली, पुढं मुलाच्या खाली. मतदार यादीत असेल तेवढीच. तुम्ही नावाच्या हौसेवर बोलता, तेव्हा मला त्या बाई आठवतात. ज्याचं नाव सगळीकडे आहे त्यानं आणखी एका भिंतीवर मागणं वेगळं. जिचं नाव कुठंच लिहिलं गेलं नाही, तिच्यासाठी पाटी मागणं याला मी अहंकार म्हणणार नाही. आणि मघाशी मी सांगितलेली नावं बघा. राजाबाई, नाथीबाई. मुंबईचं नायर रुग्णालय, तेही बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर. डॉक्टर नायरांची आई. बायकांची नावं दगडावर लिहायची रीत नव्हती त्या काळात देणगीच्या वाटेनं ही नावं शहराच्या दर्शनी भिंतींवर गेली. दुसऱ्या कुठल्या वाटेनं गेली असती, सांगा.

हे बोलताना नानांचा आवाज भरून आला होता. मला वाटतं, आपण ठराव का मांडला हे त्यांना स्वतःलाही तेव्हाच कळलं.

ताई : यावर माझ्याकडे उत्तर नाही, नाना. त्या माउलीचं नाव लिहिलंच पाहिजे. पण आता तुमचा ठराव हातात घ्या आणि मला सांगा, साठ हजारांत त्या बाई कोणत्या पायरीवर बसतात?

नाना : (कागद पाहून) हितचिंतक.

ताई : आणि हितचिंतकांची नावं?

नाना : अहवालाच्या शेवटच्या पानावर. बारीक टाइपात.

ताई : आयुष्याच्या पुंजीतला मोठा वाटा देणारी बाई शेवटच्या पानावर, आणि ज्याला पाच लाख गेल्याचं जाणवणारही नाही तो भिंतीवर. तुम्हाला हे नको आहे. तुम्ही आत्ता बोललात त्यावरून मला ते पक्कं कळलं.

नाना : मग मोठ्या देणगीदाराला काहीच द्यायचं नाही? मजला साठ-साठ हजारांत उभा राहत नाही, ताई. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला १९०८ मध्ये, माणशी एक पैसा मागून. अंताजीपंत काळ्यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. लोकांनी दिलं, कारण तेव्हा देशभर स्वदेशीचं वारं होतं. ते वारं आपण कुठून आणायचं?

ताई : द्यायचं ना. पण त्याच्याकडून रकमेबरोबर एक अट मागून घ्यायची. तुम्ही जीजीभॉयांचं सांगितलंत, त्यांच्या पत्नीचं नाही सांगितलंत. माहीमचा कॉजवे अवाबाईंनी बांधून दिला. वांद्र्याला जाताना होड्या उलटून माणसं मरायची. सरकार पैसे घालेना, तेव्हा त्यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली, इथं टोल घ्यायचा नाही. लेडी जमशेटजी हे नाव रस्त्याला आजही आहे, आणि मला ते खटकत नाही. नावाबरोबर त्यांनी वाटसरूचा फायदा लिहून घेतला. परळचं सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं. देणगी देणाऱ्या विश्वस्तांची अट होती, शिकवणारे सगळे भारतीय असले पाहिजेत. इंग्रजी अमलात, जेव्हा वरच्या जागा गोऱ्यांच्या होत्या! अशी अट घालणाऱ्याचं नाव मी स्वतः दारावर लावीन. पाच लाख देऊ केलेले ते गृहस्थ आहेत ना, त्यांना पत्र लिहून विचारा, मजल्याला तुमचं नाव लावतो, पण या मजल्यावरच्या एकाही मुलीला फी भरली नाही म्हणून घरी पाठवायचं नाही, हे तुमच्या अटीत लिहून द्याल का?

मोठ्या देणगीदारांच्या नावावरून आपल्याकडे जो वाद होतो, त्यात ही बाजू जवळजवळ कधीच येत नाही. दाता नाव मागतो हे आपल्याला टोचतं. त्यानं आणखी काय मागितलं हे आपण विचारत नाही. टोल नको म्हणणाऱ्या अवाबाई आणि फोटो नीट आला नाही म्हणून सायकल परत घ्यायला लावणारा समारंभ, दोन्हीकडे नाव आहेच. एका ठिकाणी नावाची किंमत दात्यानं भरली, दुसऱ्या ठिकाणी नववीतल्या मुलीनं. कंपन्यांच्या सामाजिक निधीलाही कायद्यानं अशीच मर्यादा घातली आहे. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजन त्या खर्चात धरता येत नाही. म्हणजे मानापोटी दिलेला पैसा आणि विक्रीपोटी दिलेला पैसा यांत रेघ ओढता येते. ती ओढायची तयारी संस्थेत हवी.

नाना : असं पत्र लिहिलं तर तो माणूस दुसऱ्या संस्थेकडे जाईल. शेजारच्या तालुक्यात सन्मानचिन्हाची तयारी सुरू आहे, मला माहीत आहे.

ताई : जाईलही. मी त्याची हमी देऊ शकत नाही.

नाना : आणि गेला तर मजला आणखी दोन वर्षं लांबेल. एका खोलीत सहा मुली झोपतात, त्यांना हे तुम्ही सांगाल?

ताई : सांगीन. त्यांना विचारीनही. आजवर आपण त्यांना एकदाही विचारलेलं नाही.

चर्चेनंतर ठराव मागे घेतला नाही, त्यात दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. ‘दानशूर पुरस्कार’ हे कलम आणि रकमेच्या पायऱ्या गाळायच्या. त्याऐवजी सलग दहा वर्षं देणाऱ्या प्रत्येकाचा, रक्कम न सांगता, वर्धापनदिनी सत्कार करायचा. यात महिन्याला दोनशे रुपये देणारे पोस्टमन येतात, आणि नानांच्या यादीतले दोन कारखानदारही येतात. सत्काराला मुलींना बोलवायचं ते प्रेक्षक म्हणून, आणि तेही ज्यांना यायचं असेल त्यांनाच. कोणत्याही वस्तूवर दात्याचं नाव रंगवायचं नाही. इमारतीला नाव द्यायचं तर देणगीच्या दहा टक्के रक्कम चालू खर्चाच्या कायम निधीत गेली पाहिजे. हे कलम नानांचं, आणि सगळ्यांत उत्तम. देणगी नाकारण्याचा अधिकार कार्यकारिणीकडे राहील, कारण देण्याचं बंधन न ठेवता.

एका मुद्द्यावर दोघांचं अजून जुळलेलं नाही. भिंत असावी की नसावी? ताई म्हणतात, कार्यालयातली नोंदवही पुरे, ती मागेल त्याला दाखवावी. नाना म्हणतात, भिंत हवी, पण सगळी नावं एकाच आकाराच्या अक्षरांत आणि रकमेशिवाय, वर्षाच्या क्रमानं. बाकी सगळ्या दुरुस्त्यांना मी ताईंच्या बाजूनं हात वर करणार आहे. इथं मात्र माझं मत नानांना जाईल. शेतमजुरी करून गेलेल्या त्या बाईंचं नाव वहीच्या आत राहिलं, तर ते रेशनकार्डाहून फारसं वेगळं होत नाही. मजल्याची वाट न बघता अभ्यासिकेच्या दारावर ते याच महिन्यात लावावं, अशी उपसूचना मी देणार आहे. लेकीला विचारून, ती सांगेल तसं, पूर्ण नाव.

पाच लाख देऊ केलेल्या गृहस्थांना लिहायच्या पत्राचा मसुदा नाना करताहेत. फीची अट त्यात दुसऱ्या परिच्छेदात आहे. ताईंना ती पहिल्या परिच्छेदात हवी आहे. बैठक येत्या रविवारी आहे.